एकशे सतरा नंबरची नोंद

गेवराईच्या स्टँडवर शिवांजली एसटीत चढली तेव्हा आख्ख्या गाडीत एकच जागा मोकळी होती, आणि त्या जागेवर एक भलंमोठं खोकं बसलं होतं. चांगलं खिडकीशी, ऐटीत! शेजारचा उंच, सावळा तरुण त्यावर हात ठेवून असा जपून बसला होता, जणू नवी नवरीच घरी घेऊन निघालाय.

"खोकं उचलता का जरा?"

"त्याचं तिकीट काढलंय." त्यानं दोन तिकिटं पुढं केली. "औरंगाबादपासून."

"असं होय? मग त्यालाच विचारते." ती खोक्याकडे वाकली. "काय हो, सरकता का थोडं?"

तो हसला... आणि खोकं निमूटपणे त्याच्या मांडीवर गेलं. बीड येईपर्यंत तिनं एकदाच चोरून त्याच्याकडे पाहिलं. नेमका तेव्हाच तोही पाहत होता. दोघांनी घाईघाईनं खिडकीबाहेरच्या बाभळी मोजायला घेतल्या.

घरी येऊन तिनं पायावर पाणी घेतलं न घेतलं, तोच रिक्षातून ते खोकं तिच्याच दारात उतरलं.

"तुमी?" दोघंही एकदम म्हणाले.

सन अठ्ठ्याण्णवचा एप्रिल होता. संगणकाचं वेड आता बीडलाही लागलं होतं. शिवांजलीचे वडील ईश्वरप्पा यांचं खाली भुसाराचं दुकान आणि वर माडीवर लिंगायत समाजाचं वधू-वर मंडळ. मंडळाच्या जाड नोंदवहीत चारशे बारा मुलामुलींची नावं होती. ती संगणकात घालायची, बसवजयंतीच्या मेळाव्यात सगळ्यांना दाखवायची, असं ठरलं होतं, आणि त्यासाठी अप्पांनी परळीच्या पेढेवाल्यांच्या मृत्युंजयला औरंगाबादहून संगणक घेऊन बोलावलं होतं. हातात दिवस होते आठ. नावं सांगायला अर्थातच शिवांजली.

मंडळाची एक रीत होती. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या बापानं स्वतः येऊन तिच्या नावावर लाल रेघ मारायची. आणि थोरलीवर रेघ पडल्याशिवाय धाकटीचं नाव वहीत चढत नसे.

वहीत एकशे सतरा नंबरला नाव होतं – ईश्वरी. शिवांजलीची ताई. साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना ती तापानं गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. गावभरच्या लेकींची लग्नं जमवणाऱ्या अप्पांना आपल्या लेकीवर ती रेघ मारवत नव्हती. म्हणून चोवीस वर्षांची शिवांजली कुठल्याच वहीत नव्हती. तिनं कधी विचारलं नाही, पण सल होताच.

माडीवर दुपारी चिटपाखरू नसायचं. मृत्युंजय टाइप करायचा, ती वाचून दाखवायची, आणि मधेच लाकडी जिन्याची तिसरी पायरी करकरायची. शिवांजली दर वेळी वळून पाहायची. जिन्यात कुणीच नसायचं.

"उन्हानं लाकूड तडकत असंल," मृत्युंजय म्हणायचा.

"असंल," ती म्हणायची. पण ती पायरी पायाशिवाय वाजत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ताई पाय दाबून ठेवायची त्या पायरीवर... मुद्दाम, धाकटीला कळावं म्हणून.

चौथ्या दिवशी सगळी नावं घालून झाली.

"आता परीक्षा घेऊ," तो म्हणाला. "खोटी नोंद करू एक. हं, लिहा."

या वेळी ती टाइप करायला बसली. "नाव?"

"मृत्युंजय."

"खोटी म्हणला ना?"

"नाव खरं, नोंद खोटी."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. आन संगणकाचा डिप्लोमा."

"अपेक्षा?"

"मुलगी... खोक्यासंगं बोलणारी पायजे."

तिचे कान लाल झाले. "एवढं लांब रकान्यात मावत न्हाई," ती म्हणाली, आणि तरी तिनं काहीतरी लिहिलंच. मग त्यानं तिच्या हातावरून हात नेऊन कळ दाबली. संगणक थोडा घरघरला, आणि त्याला साजेशी एकच मुलगी पडद्यावर आली.

११७. ईश्वरी.

वरचा पंखा थांबला. वीज गेली म्हणावं, तर पडदा तसाच उजळलेला. कुठूनतरी माक्याच्या तेलाचा वास आला. ताई माक्याचं तेल लावायची. आता या घरात ते कुणी आणतही नव्हतं.

"ह्या कोण?" मृत्युंजयनं विचारलं.

"माझी ताई." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "न्हाई आता ती."

त्यानं कळेवरचा हात काढून घेतला. पंखा परत फिरायला लागला.

संध्याकाळी तो गेल्यावर शिवांजलीनं एक चूक केली. अप्पांनी मारायची रेघ तिनं चोरून मारली. त्यानं शिकवली होती ती कळ दाबली आणि एकशे सतरा नंबर काढून टाकला. मन खायला उठलं, पण त्याच मनात एक कोपरा म्हणत होता, आता तरी माझं नाव चढेल... आणि त्याच्या नावापुढं येईल.

दुसऱ्या दिवशी मृत्युंजयनं आपल्या नोंदीला साजेशी यादी पुन्हा काढली. एकच नाव आलं. ११७. ईश्वरी.

तिनं पुन्हा कळ दाबून पाहिली, पुन्हा काढली यादी. ताई तिथंच. आणि जिन्याची तिसरी पायरी करकरली.

शिवांजलीला रडू फुटलं. "मीच पुसलं हो तिला! काल. अप्पांना न इचारता. ती रागावलीय माझ्यावर... जात न्हाई ती."

"शिवांजली, इकडं बघा." त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. "हे फॉक्सप्रो हाय, नोंदी ठिवायचा प्रोग्राम. ह्यात पुसलं तरी नोंद जात न्हाई, नुसती खूण लागते. खूण लागलेली नावं झाकायची एक ओळ असती, ती मी लिहायची इसरलो. चूक माजी हाय. ताईंची न्हाई, तुमची बी न्हाई."

"मग जातं कधी?"

"आपण मुद्दाम हुकूम देऊन साफ करू तवा." त्यानं पडद्यावरचं नाव पाहिलं. "दुसरंबी एक हाय, अॅक्सेस. नवंय. कोड लिहायलाच नको, माउसनं फॉर्म काढायचा, दोन दिवसांत करून देतो. तिथं एकदा पुसलं की गेलंच. तुमाला तरास होत असंल तर सगळी माहिती तिकडं नेऊ."

"मग ताई?"

"...न्हाई उरायच्या."

तिसरी पायरी पुन्हा वाजली. या वेळी दारात खरंच माणूस होतं. अप्पा! किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शिवांजलीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं.

अप्पा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "मृत्युंजय, पुन्यांदा सांगा. हे नवं हाय त्यात पुसल्यावर मागं काईच ऱ्हात न्हाई?"

"न्हाई, अप्पा."

"आन ह्यात?"

"खाली असतं. दिसत न्हाई, पर असतं."

अप्पांनी कपाळावरच्या विभूतीला बोटं लावली. "आपल्यात माणूस जाळत न्हाईत," ते हळूच म्हणाले. "बसवून माती देतात. माज्या लेकीला मी ह्या हातानं बसवलं तितं. मला वाटायचं, रेघ मारली की राखच झाली तिची. म्हून हात उठत न्हवता..." त्यांनी वही जवळ ओढली. "नवं बिवं काई नको. हेच ठिवा. आन ते साफ करायचं म्हणता, त्यो हुकूम ह्या मशीनला कदी देऊ नका. शिवा, तू लावलेली खूण काढ. ती बापानं लावायची असती."

तिनं खूण काढली. मृत्युंजयनं कळा दाखवल्या. अप्पांनी डोळे मिटून त्या दाबल्या. ईश्वरीच्या नावाशेजारी टिकलीएवढा ठिपका उमटला. मग त्यांनी वही उघडली आणि एकशे सतरा नंबरवर लाल रेघ मारली. जरा वाकडीच आली.

"आता लिहा," ते नाक पुसत म्हणाले. "वहीतला नंबर चारशे तेरा. शिवांजली."

मृत्युंजयनं विसरलेली ओळ आधी लिहिली, मग तिचं नाव, आणि यादी काढायची कळ दाबली. तिच्यासाठीही एकच नाव आलं.

"ती खोटी नोंद..." शिवांजली मान खाली घालून म्हणाली, "पुसायची राहिली वाटतं तुमची."

"पुसायची न्हवतीच," तो म्हणाला. "एसटीत बसल्यापासून न्हवती. पसंत असंल तर सांगा... नसंल तर खूण लावा."

"लावली तरी तुमी खाली ऱ्हाणारच की! मग कावून लावू?"

अप्पा वहीत तोंड घालून गालातल्या गालात हसले. तेवढ्यात पंखा थांबला. माक्याच्या तेलाचा वास आला. तिघांनीही तो घेतला.

मग जिना वाजला. आजवर एकटी तिसरी पायरीच वाजायची. आज आधी सगळ्यात वरची वाजली, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची... एकेक पायरी सावकाश, खाली खाली. तिसरीवर आवाज थोडा जास्त वेळ रेंगाळला.

"कोण गेलं?" मृत्युंजयनं दबक्या आवाजात विचारलं.

"थोरली," अप्पा म्हणाले. "सासरी निघाली."

शिवांजलीनं डोळे पुसले, मृत्युंजयच्या बाजूला खुर्ची सरकवली, आणि त्याचा हात घट्ट धरून ती पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिली.