तिसरी खूण

नकाशे जुळवण्याचं काम दिसायला अगदी साधं. जुना फोटो घ्यायचा, आजच्या नकाशाशेजारी ठेवायचा आणि दोन्हींत सापडणाऱ्या तीन खुणा शोधायच्या. खडक, नदीचं मुख, चर्चचा मनोरा, काहीही चालतं. अट एकच, खूण हलणारी नको. तीन खुणा जुळल्या की अख्खा किनारा मुकाट्याने जागेवर बसतो. अमेरिकेतल्या रेडमंडच्या एका छोट्या ऑफिसात चारुता हेच काम करायची, आणि २००६ च्या मार्चमध्ये तिचं घोडं नेमकं तिसऱ्या खुणेवर अडलं होतं.

किनारा होता अलास्काच्या पार उत्तरेचा. शंभर वर्षांत समुद्राने तिथली किती जमीन गिळली, ते काढायचं होतं. हाताशी काचेच्या प्लेटांवरचे तीन फोटो होते, १९०८, १९२३ आणि १९३७ चे. काढणारे तिघं वेगळे, जागा एकच. खडक सापडला, नदीचं मुख सापडलं. तिसरं असं काही नव्हतंच, फक्त वाळूवर एक बारीक काळी उभी रेघ तिन्ही फोटोंत त्याच जागी होती. होड्या बांधायचा खांब असणार, असं चारुताने ठरवून टाकलं. कामाची घाई असली की माणूस असं पटकन ठरवून टाकतो.

हिशेब मांडला तर ती जागा आता समुद्रात होती, किनाऱ्यापासून दोनशे मीटर आत. पण मार्चमध्ये तिथला समुद्र गोठलेला असतो. आणि तिचा नवरा श्रीरंग, त्याच ऑफिसातला, आठ दिवस तिथेच मोजण्या घेत होता. त्या शनिवारी दुपारी तो परत निघायचा होता. तिने ऑफिसातून त्याचा सॅटेलाइट फोन लावला.

"चारू, बॅग पॅक झालीय यार माझी. तीनला विमान आहे."

"एकच पॉइंट, श्री. तिथे उभं राहून रीडिंग घे, म्हणजे माझा हिशेब चेक होईल. नाहीतर पुन्हा तुलाच यावं लागेल तिकडे."

"ऐकायचं म्हणून नाहीच ना तुला!" तो हसला. "जातो, बाई."

"आणि रूल लक्षात आहे ना?"

"तू 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. येस मॅडम."

हा नियम तिचाच. हातातल्या यंत्राला नीट आकडा द्यायला वीस मिनिटं लागत, आणि श्रीरंगला पाच मिनिटं एका जागी उभं राहवत नसे. म्हणून फोन चालू ठेवायचा आणि ती सोडेपर्यंत त्याने खिळून राहायचं.

तो पोचला, उभा राहिला. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. ऑफिसात कुणी नव्हतं, खिडकीवर पाऊस वाजत होता. वेळ जावा म्हणून चारुताने १९३७ चा फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. खांबाला खांदे होते.

तिने १९२३ चा उघडला. तोच फरचा कोट, तसाच किंचित उचललेला डावा हात. मग १९०८ चा. त्यात चेहरा स्पष्ट होता, तिशीतला. एकोणतीस वर्षांत तो एका दिवसानेही म्हातारा झाला नव्हता.

पहिल्या फोटोग्राफरच्या वहीची पानं स्कॅन करून ठेवलेली होती. अक्षर किचकट म्हणून तिने ती वाचलीच नव्हती. आता ती ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. 'प्लेटला वेळ लागतो, म्हणून त्याला बजावलं, मी सांगेपर्यंत हलू नकोस. एवढ्यात वादळ आलं. आम्ही होडी गाठली. त्याला सांगायचं राहिलं.'

"श्री! श्री, निघ तिथून! झालं, हल!"

"हॅलो? तुझा आवाज तुटतोय... सोळा मिनिटं झालीत." वारा. "चारू, गंमत सांगू? इथे बर्फावर पावलांचे दोन ठसे होते... दोनच. येतानाचे नाहीत, जातानाचे नाहीत... मी त्यातच उभा राहिलो. अगदी मापाचे आहेत गं."

"हल म्हणते ना मी!"

"कुणीतरी मागे..." त्याचा आवाज खाली गेला. "अगदी मागे..."

फोन बंद पडला. तिने अकरा वेळा लावला, लागला नाही. खुणेवर उभं तिनेच केलं होतं त्याला, आणि सोडवायचं राहिलं होतं. तीनच्या थोडं आधी विमानतळाच्या फोनवरून त्याचा आवाज आला, "निघालो." एवढंच. चारुता टेबलावर डोकं ठेवून रडली.

रविवारी तो घरी आला. धडधाकट होता. सॅटेलाइट फोन बर्फात पडला म्हणाला. फक्त तो बसेना. चहाचा कप ओट्यावर तसाच ठेवून या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला.

"बस की जरा, श्री."

"नको," तो म्हणाला. "फार उभा राहिलो."

वीस मिनिटांचं केवढं कौतुक, असं म्हणून तिने हसायचा प्रयत्न केला. हसू काही आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तिने हिंमत करून ते फोटो पुन्हा उघडले. १९०८. १९२३. १९३७. खडक होता, नदीचं मुख होतं. वाळू तिन्हींत रिकामी होती. वरच्या मजल्यावर त्याच्या येरझाऱ्या चालू होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मोबाइल वाजला. वरची पावलं थबकली.

नंबर सॅटेलाइट फोनचा होता. कानाला लावला तर वारा, आणि वाऱ्यात दातावर दात वाजणारा, ओळखीचा आवाज.

"चारू... झाली का गं वीस मिनिटं? हलू का आता?"

"हल, श्री! झालं! घरी ये, ऐकतोयस ना? झालं!"

"हॅलो?... काहीच ऐकू येत नाहीये." मग नेहमीच्या समजूतदार सुरात म्हणाला, "बरं. तू सांगेपर्यंत थांबतो."

फोन कट झाला. वरची पावलं पुन्हा चालू लागली.