उर्सुलामावशीला ऐकू यायचं

बस रे वेदांत, दोन मिनिटं बस. बाबांच्या आल्टोत वूफर बसवायचाय तुला, दारात नवे स्पीकर टाकायचेत, मोठी स्क्रीन हवी. बसव की. मी कोण नको म्हणणारा? पण उद्या सकाळी तुळिंजला जायच्या आधी हे ऐकून जा. ऋतिका, पिंकी, तुम्हीही सरका इकडे, आणि तो मोबाइल पालथा ठेवा जरा. अडतीस वर्षं वायरमन होतो मी. अमावास्येला खांबावर चढलोय, स्मशानातले दिवे दुरुस्त केलेत. भुताखेतांना भ्यालो असतो तर घरच्यांनी खाल्लं काय असतं? तेव्हा हे काका थापा मारतात असं मनात आणू नका. ज्याच्याबाबत घडलं तो माझ्या साडूचा मुलगा आहे, सिद्धेश. हे सगळं त्याने स्वतः मला सांगितलं.

सिद्धेशचं तुळिंजला एका शटरचं दुकान. गाड्यांना स्पीकर, स्क्रीन, कॅमेरे बसवून द्यायचा. हाताला गुण होता पोराच्या, लबाडी नव्हती. दोन हजार चोवीसचा डिसेंबर, नाताळाचा आदला दिवस, मंगळवार. दुपारी भुईगावचा रायन आला, तेवीस-चोवीस वर्षांचा, हसरा. वडिलांची जुनी आल्टो घेऊन आला होता. म्हणाला, "दादा, संध्याकाळपर्यंत सगळं नवीन करून दे. उद्या सण आहे, पोरं गाडीत बसली की हलली पाहिजेत." त्याच्या आधी तीन गाड्या रांगेत होत्या, तरी सिद्धेश हो म्हणाला. सणाच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं जिवावर येतं.

आता तुम्हाला कळेल असं सांगतो. वूफर धडधडायचा तर त्याच्या अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याला, करंट भरपूर लागतो. त्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर आत ओढायची, तिला तिचा स्वतःचा फ्यूज द्यायचा. तासाभराचं काम. सिद्धेशला ते झोपेतही आलं असतं. पण त्या दिवशी जाड वायर संपली होती आणि सात वाजत आले होते. मग त्याने काय केलं, डॅशबोर्डखालून हॉर्नची लाइन जाते, तिच्यातूनच अँपला करंट दिला. गाणं लावलं. दुकानाचं शटर थरथरलं. आणि सहज, सवयीने, त्याने हॉर्न दाबला.

हॉर्न वाजला नाही. नुसतं टिक झालं.

गाणं बंद केलं, पुन्हा दाबला. वाजला, खणखणीत. म्हणजे गाणं मोठं असलं की सगळा करंट वूफर ओढून घ्यायचा आणि हॉर्नला काहीच उरायचं नाही. आत बसलेल्याला हे कळणंच शक्य नाही, त्याच्या कानात वूफर. सिद्धेशला कळलं. रायन बाहेर कुणाशी तरी फोनवर हसत होता. सिद्धेशने मनात म्हटलं, सणानंतर बोलावून नीट करून देऊ. रायनला म्हणाला, "एक-दोन दिवसांनी गाडी दाखवून जा." का दाखवायची, ते सांगितलं नाही. एवढं एक वाक्य गिळलं त्याने. सांगितलं असतं तर पोराने फार तर तोंड वाकडं केलं असतं आणि दोन दिवस गाणं हळू लावलं असतं.

तुमच्यापैकी भुईगावात आतपर्यंत कोण गेलंय? वाड्यांच्या मधून गल्ल्या आहेत, दोन्हीकडे भिंती, मध्ये एक गाडी जेमतेम. तिथे रीतच आहे. वळणावर हॉर्न दिल्याशिवाय कुणी वळत नाही, आणि हॉर्न ऐकला की चालणारा माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो. गाडी गेली की पुढे चालू लागतो. लहान पोरंसुद्धा हे करतात. त्यामुळे तिथे कुणी कुणाला धडकत नाही.

सव्वीस तारखेला, गुरुवारी, दिवेलागणीला उर्सुलामावशी शेजारी नाताळाच्या फराळाचं ताट देऊन परत निघाली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. लग्न केलं नव्हतं, धाकटी विधवा बहीण लुसी आणि ती, दोघीच एका घरात. साठ-पासष्ट वर्षं त्याच गल्लीतून चालत आलेली. घराघरांतून सणाची गाणी वाजत होती, त्यातच गाणं लावलेली रायनची आल्टो वळणावर आली. त्याने हॉर्न दिला. मावशी थांबली नाही.

जागेवरच गेली.

रायन वेड्यासारखा एकच सांगत राहिला, "मी हॉर्न दिला होता. शपथ, मी हॉर्न दिला होता." खोटं नव्हतं ते. पोराने हॉर्न दाबला होताच. तपासणीला आलेल्या माणसाने गाडी सुरू करून हॉर्न दाबून पाहिला, तर खणखणीत वाजला. गाणं बंद होतं ना. मग गावाने आपल्या मनाने हिशेब केला. हॉर्न वाजला, तरी म्हातारी थांबली नाही, म्हणजे तिला ऐकू येत नसणार. बहिरी होती बिचारी, कुणाला सांगितलं नाही. एकटी लुसी सांगत होती, "माझ्या बहिणीला ऐकू यायचं. रात्री वाडीत नारळ पडला तर कुठल्या झाडाचा ते ती अंथरुणातून सांगायची." लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, बहिणीची माया. मेलेल्या बाईवरच ठपका आला. तिचं मरण तिच्याच कानांवर ढकललं.

सिद्धेशला हे रायननेच फोनवर सांगितलं. रडत होता. शेवटी विचारलं, "दादा, तू बसवलंस तेव्हा हॉर्न चालू होता ना?"

सिद्धेश म्हणाला, "हो. ओके होता."

हे दुसरं. पहिलं गिळलं, दुसरं खोटं बोलला. मला म्हणाला, काका, पहिल्या वेळी घाई होती. दुसऱ्या वेळी घाई नव्हती हो.

गाडी आठवड्यात पोलिसांकडून सुटली. रायनला तिच्याकडे बघवत नव्हतं. मित्राच्या हातून पाठवली आणि निरोप दिला, सगळं काढून टाक. तीन जानेवारी, शुक्रवार. दिवसभर सिद्धेशने गाडीला हात लावला नाही. रात्री नऊ वाजता गिऱ्हाइकं संपल्यावर गाडी आत घेतली आणि शटर अर्धं खाली ओढलं. का ओढलं? चोराच्या मनात चांदणं. त्याला नुसता वूफर काढायचा नव्हता, हॉर्नची लाइनही होती तशी करून ठेवायची होती. म्हणजे कुणी कधी उघडून पाहिलं तरी काही सापडायला नको.

अँप काढला. वूफर काढला. दारातले स्पीकर काढले, सगळं एका खोक्यात टाकलं. त्यांच्या वायरी कापल्या. हॉर्नची लाइन जोडली, टेप गुंडाळला. टेस्टर लावून पाहिला, करंट येत होता. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि हॉर्न दाबला.

वाजला नाही.

पुन्हा दाबला. टिकसुद्धा नाही. टेस्टर लावला, करंट आहे. फ्यूज पाहिला, चांगला. तळहात ठेवून दाबला... काही नाही. समोरच्या घड्याळात नऊ सत्तेचाळीस झाले होते. हे त्याला पक्कं आठवतं, कारण त्याच क्षणी खोक्यातून खर्र आवाज आला.

ज्या स्पीकरच्या वायरी त्याने स्वतः कापल्या होत्या, त्या स्पीकरमधून.

आधी चपला वाजल्या. वाळूच्या रस्त्यावर वाजतात तशा. सरक... सरक... जवळ आल्या. थांबल्या.

मग बाईचा आवाज. वयस्कर, शांत. त्यांच्या बोलीत होता, मी आपल्या बोलीत सांगतो.

"वाजव ना."

सिद्धेश हलला नाही.

"वाजव बाळा. वाजला की मी थांबते. नेहमी थांबते."

त्याने हॉर्न दाबला. का दाबला, त्यालाच माहीत नाही. आवाज नाही...

"वाजव."

दाबला. नाही.

"मला ऐकू येतं रे."

त्याने आरशात पाहिलं.

मागच्या भिंतीला... पाठ लावून... बाई उभी होती. लाल चौकड्यांचं लुगडं. दोन्ही तळहात भिंतीला टेकलेले. चेहरा वळवलेला, एक कान पुढे केलेला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. वाट बघत होती. गाडी जायची.

"वाजव..."

तो दाबत राहिला. दोन्ही हातांनी. ओरडायचं होतं, तोंडातून ब्र निघेना. सांगायचं होतं की माझ्यामुळे वाजत नाही, मावशी, मीच... तेही निघेना. ती उभीच. तो दाबतोय. दुकानात चिडीचूप.

किती वेळ गेला माहीत नाही. मग चपला सरकल्या... भिंतीकडून... शटरकडे. आणि भिंत मोकळी होती.

घड्याळात नऊ एक्कावन्न.

पळाला तो. शटर तसंच टाकून, फोन काउंटरवर चार्जिंगला सोडून चंदनसारला घरापर्यंत चालत आला. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या मेडिकलवाल्या हितेशला आडून आडून विचारलं, "रात्री माझ्या दुकानातून हॉर्नचा त्रास झाला का रे?" हितेश म्हणाला, "हॉर्न? मी दहापर्यंत गल्ल्यावर होतो, मला तर काही ऐकू आलं नाही."

रविवारी संध्याकाळी गाडी परत द्यायला तो स्वतः भुईगावला गेला. म्हणाल, कबूल करायला गेला असेल. नाही हो. माझ्याजवळ त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, काका, मला वाटलं लुसीमावशीला भेटून दोन शब्द बोलावेत, दुःखात आहोत म्हणावं, म्हणजे हे मागे लागलेलं सुटेल. वेळ मारून न्यायची, आणखी काय. गाडी रायनच्या दारात लावली आणि गल्लीतून चालत निघाला. वळणावर कुणाची तरी बाइक आली, हॉर्न वाजला, आणि त्याची पाठ आपोआप भिंतीला लागली. बाइक गेली तरी त्याला तिथून पाय उचलवेना. त्या भिंतीपाशी कुणीतरी मेणबत्ती लावून ठेवली होती.

लुसीबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याला यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, मी सिद्धेश, तुळिंजचा, गाडीचं काम..." 

"आवाजावरून ओळखलं," त्या म्हणाल्या. "बस. फोनवर बोललास तेव्हाच म्हटलं, हा येईल."

"फोनवर?"

"परवा, शुक्रवारी रात्री. मी झोपायच्या तयारीत होते." त्यांनी वालाची सुपली बाजूला ठेवली. "तू म्हणालास, हॉर्न वाजत नव्हता, मला माहीत होतं, मी रायनला सांगितलं नाही. तीन-चारदा तेच म्हणालास. रडत होतास. तुझ्यामागे सारखा कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, एवढा मोठा की मी म्हटलं, बाळा, जरा बाजूला हो, मला नीट ऐकू येत नाही."

पोरांनो, तेव्हाही तो नाही म्हणू शकला असता. मी नव्हतो, राँग नंबर असेल, कुणीतरी चेष्टा केली असेल. कोण पुरावा देणार होतं? तो मला म्हणाला, तोंड उघडलं तेव्हा नाही हाच शब्द जिभेवर होता. पण बाई त्याच्याकडे रागाने बघत नव्हत्या. वाल सोलणारे हात मांडीवर ठेवून नुसत्या ऐकायला बसल्या होत्या. तो ओटीच्या पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. वायर संपली होती इथपासून. रायनला खोटं सांगितलं ते. शुक्रवारी रात्री लाइन लपवायला बसला होता तेसुद्धा.

लुसीबाईंनी सुपली पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाल्या, "माझी बहीण बहिरी नव्हती. एवढं सगळ्यांसमोर सांगशील?"

सव्वीस जानेवारीला, रविवारी, उर्सुलामावशीची महिन्याची मिस्सा होती. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, सगळ्या गावासमोर सिद्धेश उभा राहिला आणि म्हणाला, उर्सुलामावशीला ऐकू यायचं. हॉर्न वाजलाच नव्हता. चूक माझी. रायन समोर होता. रायनने हात उगारला नाही. सिद्धेश म्हणतो, मारलं असतं तर बरं झालं असतं, तो नुसता खाली बसला. तिथून सिद्धेश थेट पोलिसांत गेला. आता दोघांच्याही केसेस चालू आहेत, दोघेही वसईला तारखांना जातात, कधीकधी एकाच रिक्षाने. दुकान अजून चालतंय, पण जेमतेम. आणि शांत झोप... ती नाही लागत त्याला. मला विचाराल तर लागूही नये. एका वाक्याचं काम होतं.

राहिला तो फोन. मी वायरमन आहे, उगाच मानणार नाही. सिद्धेशला घेऊन मी स्वतः भुईगावला गेलो. त्याच्या फोनमध्ये त्या रात्री नऊनंतर एकही कॉल नाही. कंपनीकडून यादी काढली, तिच्यातही नाही. लुसीबाईंचा नंबर त्याच्याकडे कधी नव्हताच. मग लुसीबाईंनी आपला छोटा बटणांचा फोन माझ्या हातात दिला. त्यांनी तो कॉल पुसलेला नाही, पुसणारही नाहीत. सिद्धेशचाच नंबर. शुक्रवार, तीन जानेवारी, रात्री नऊ सत्तेचाळीस. चार मिनिटं.