कड कट्ट कड

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं मानावं. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. साल १९४२, पितृपंधरवडा, भोरचं आमचं घर. आणि वेळ भर दुपारची.

मी सरोज. माहेर वेल्ह्याकडचं, शाळा पाहिलेली नाही. लिहायला पन्नाशीनंतर शिकले. त्याआधी एकच लिपी येत होती, तीही कानाची.

माझे यजमान उपेंद्र. त्यांना बिनतारी यंत्राचा नाद. माडीवरच्या खोलीत स्वतः जोडलेलं यंत्र होतं. इतकं अशक्त, की तेवढ्या ताकदीवर विजेरीचा दिवाही धड लागला नसता. त्याचा खटका दाबून ते कोलंबोच्या कुणा अनोळखी माणसाशी बोलायचे. कट्ट म्हणजे आखूड, कड म्हणजे लांब.

"ताकद कमी असली की ओरडता येत नाही," ते म्हणायचे. "समोरच्यानं कान दिला तरच पोचतं."

मलाही त्यांनी त्या खुणा शिकवल्या. माझ्या मनगटावर बोट आपटून. अक्षरं इंग्रजी, शब्द आमचे. घरात कुणाला सांगितलं नाही, बायकोला शिकवतो म्हणून हसले असते.

बोलणं संपलं की शेवटी कड कट्ट कड. म्हणजे, आता तू बोल.

तो शेवटचा कड ते जरा लांबवायचे.

लढाई सुरू झाली. सरकारनं यंत्र नेलं. टेबलाला ठोकलेला खटका तेवढा राहिला. हे बोटीवर बिनतारीच्या कामाला गेले.

चैत्रात तार आली. बोट बुडाली, माणूस बेपत्ता.

"बेपत्ता म्हणजे गेला नव्हे, आई," माझे थोरले दीर, केशवभाऊजी, सासूबाईंना म्हणाले.

मग ते अधूनमधून माडीवर जायचे. दार लावून खटका वाजवायचे. खाली येऊन सांगायचे, "उपेंद्रचा निरोप होता. खुशाल आहे. बाहेर बोलू नका, सरकार धरून नेईल."

सासूबाई विधवा, लाल आलवणातल्या. न्हावी येऊन त्यांचं डोकं भादरून गेला, की माझ्या वेणीकडे बघायच्या.

"उपेंद्र आहे म्हणून," म्हणायच्या. "नाहीतर आमच्या घरात असली वेणी ठेवत नाहीत."

भाऊजींना एकच खूण पाठ होती, भावाकडून सतत ऐकलेली. तीच वाजवायचे.

कड कट्ट कड. कड कट्ट कड.

त्यांना वाटायचं, नुसता आवाज.

मला कळत होतं. कशालाच न जोडलेल्या खटक्यावर ते महिनोन्‌महिने सांगत होते… आता तू बोल. आता तू बोल.

मी गप्प होते. माझी वेणी त्या आवाजावर टिकून होती.

सासऱ्यांचं श्राद्ध होतं. भाऊजी पाटावर, बोटात दर्भाची अंगठी. गुरुजी नावं सांगत होते, भाऊजी तीळपाणी सोडत होते.

आणि माडीवर…

कड… कट्ट… कड.

भाऊजींचा हात तसाच राहिला.

"केशव," सासूबाई म्हणाल्या, "तू इथं. मग वर कोण?"

भांडी घासणारी अंबूबाई मागच्या दारातून म्हणाली, "खोलीला भायेरनं कडी हाय, वैनी. सकाळी झाडून म्याच घातली. आत कुनी न्हाई."

मी वर गेले. कडी काढली.

आत कुणी नव्हतं.

खटका आपोआप वर-खाली होत होता. खालचं लाकूड ओलं. पितळेवर मिठाचा पांढरा थर.

आता आवाज इतका बारीक झाला होता, की श्वास धरून ऐकावं लागलं…

सरोज.

पाणी दे.

सगळं खारट आहे.

पाणी दे.

मग कड कट्ट कड. शेवटचा कड लांबवलेला…

खाली तीळपाणी तयार होतं. गुरुजी बसलेले होते. हे गेले, एवढंच मी सांगायचं होतं. ओंजळभर पाणी त्यांच्या नावानं सुटलं असतं.

आणि उद्या न्हावी आला असता.

"काय म्हणतोय गं?" सासूबाई जिन्याशी येऊन उभ्या होत्या. "तुला कळतं?"

"कळतं. त्यांनीच शिकवलंय."

त्यांच्या मागून भाऊजींनी मान वर केली. इतके दिवस मला सगळं समजत होतं, हे त्यांना तेव्हा समजलं.

माझा हात वेणीवर गेला.

"खुशाल आहेत म्हणतात," मी म्हणाले.

पाठीमागे खटका थांबला.

भाऊजींनी तो खटका उपटून नीरा नदीत टाकला. उपयोग झाला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं, ते त्यांनी थुंकलं.

"खारट," म्हणाल्या.

पुढे भाऊजीही शेवटी तेच म्हणाले.

आता घरात मी एकटी. पितृपंधरवड्यात दुपारी तांब्याला हात लावला, की मनगटावर एक ओलं बोट आपटू लागतं. दर वर्षी ते हलकं होत चाललंय. यंदा मनगट कानाशी धरावं लागलं.

पाणी दे… कड… कट्ट… कड.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

केस सगळे पांढरे झाले. वेणी कमरेपर्यंत आहे.