फिल्टरवरचा नारिंगी धागा

“तिथेच थांबा! एक पाऊलसुद्धा पुढे टाकू नका!”

मी इतक्या जोरात ओरडले, की प्रयोगशाळेच्या दारातला माणूस एका पायावरच थबकला. अंगात नारिंगी, लुसलुशीत जॅकेट, केसांवर पावसाचे बारीक थेंब, खांद्याला रंगांची पिशवी.

“मी... ऑफिस शोधत होतो.”

“तुमच्या जॅकेटातून प्लास्टिकचे बारीक धागे झडतायत.”

त्याने घाबरून स्वतःकडे पाहिलं. “मला तर काहीच दिसत नाही—”

“जे दिसत नाही, तेच शोधायचं माझं काम आहे!”

पाण्यातले जीव प्लास्टिकचे किती बारीक कण गिळतात, ते मी शोधते आणि कॉलेजात शिकवतेही. त्या दिवशी माझ्या प्रत्येक फिल्टरवर, माशांच्या पोटातल्या कणांशेजारी, एकेक नारिंगी धागा निघाला. आठवडाभराची मेहनत वाया! संतापायला हवं होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा असा ऐटीत वळून बसला होता, की मला हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. चुरगळलेला शर्ट. “शुद्ध सुती आहे. आता येऊ आत?”

तो चित्रकार होता. मत्स्यालयाची एक भिंत रंगवायची होती, त्यासाठी माशांची पिल्लं जवळून पाहायची होती. मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेसारखं पारदर्शक पिल्लू, आत लुकलुकणारं इवलंसं हृदय... आणि पोटात एक निळा ठिपका.

भिंगावरचा डोळा न हलवता तो हळूच म्हणाला, “त्याला कळतं का, हे काय आहे?”

“नाही. त्याला ते जेवणच वाटतं.”

त्याने बाहीने डोळे टिपले, मला दिसू नये म्हणून तोंड फिरवून. माझ्या आत काहीतरी अलगद विरघळलं. पूर्वी माझेही डोळे असेच भरून यायचे... आकडे मांडता मांडता ते विसरूनच गेले होते.

मग तो रोज येऊ लागला.

“चित्र माशाचं काढताय ना?” मी विचारायचे.

“मासा फार हलतो. तुम्ही स्थिर बसता.”

फोनवर आई म्हणायची, “माशांच्या पोटातलं सगळं कळतं गं तुला, स्वतःच्या मनातलं कधी कळणार?”

आणि नेमकी तेव्हाच माझी निवड झाली. दूरच्या किनाऱ्यावरचं संशोधन केंद्र, दोन वर्षं. कधीपासून मी ह्याचीच वाट पाहत होते!

संध्याकाळी मत्स्यालयात गेले. टाक्यांचा निळा उजेड भिंतीवर हलत होता आणि त्याने रंगवलेली पारदर्शक पिल्लं त्यात जणू खरोखर पोहत होती.

“रंग कसले आहेत?”

“चुन्यातले. प्लास्टिकचे आणले असते, तर तुम्ही मला भिंतीसकट हाकललं असतं.”

मी हसले. मग निवडीचं सांगितलं.

“जाणार ना?”

“जाणार.”

“जायलाच हवं.” तो कुंचला धुऊ लागला. धुतलेलाच कुंचला, पुन्हा पुन्हा. “तिकडे... चित्रकार लागतो का कुणाला?”

“केंद्राला नाही लागत.”

“अच्छा...”

“मला लागतो.”

नळाखालचा त्याचा हात थांबला. पाणी वाहतच राहिलं. “तुम्ही खरंच—”

“आता ‘तुम्ही’ नको ना,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्याने नळ बंद केला. ओल्या हाताने माझी बोटं धरली.

“मग खोली उत्तरेच्या खिडकीची बघ. उजेड चांगला असतो,” तो म्हणाला. “आणि... दोघांना पुरेल एवढी बघ.”