निवल्यावर पिळायचं लिंबू

नेकनूरच्या बाजारात एक माणूस माझ्या पाटीतलं सगळ्यात वाईट लिंबू निवडत उभा होता. माझा घात तिथंच सुरू झाला, पोरींनो.

मी रुक्मिणीबाई. मळ्यात लिंबाची नऊ झाडं, घरात दोन लेक, दोन सुना, आणि माझ्या आवाजापुढं कुणाचा आवाज नाही. नवरा जाऊन तेव्हा सोळा वर्षं झालेली. लिंबू नुसतं तळहातावर घेतलं की आत किती रस आहे ते मी डोळे मिटून सांगते. आणि हा फेटेवाला, खांद्यावर घोंगडी, अंगाला शेळ्यांचा वास... जाड सालीचं, खडबडीत, हिरवंगार लिंबू नाकाला लावून हुंगतोय!

"ठेवा ते खाली, भाऊ," मी म्हटलं. "मोठं दिसतंय म्हनून घेताय? निस्ती साल हाय ती. हे घ्या. पातळ, गुळगुळीत, हाताला जड."

त्यानं लिंबू तोललं, पण बघत होता माझ्याकडं.

"जड हाय खरं. तिखटबी लई असंल."

"लिंबू कधी तिखट असतं व्हय?"

"लिंबाचं कोन बोलतंय?"

शेजारची भाजीवाली कडूबाई फिसकन हसली. मी पाटीवर पाणी शिंपडलं. काही गरज नव्हती.

पुढच्या बाजाराला तो तक्रार घेऊनच आला. नाव बद्रीनाथ. बायको वारलेली, लेक पुण्याकडं कंपनीत. हा डोंगराकडच्या वस्तीवर एकटा, शेळ्या राखून हातानं रांधून खाणारा.

"तुमच्या लिंबानं वरन कडू झालं."

"उकळत्यात पिळलं असंल."

"मग कवा पिळायचं?"

"भांडं खाली उतरवायचं. वाफ जाऊ द्यायची. निवत आलं की मग पिळायचं, अन् बी पडू द्यायची न्हाई."

"एवढी वाट कोन बघतंय?"

"ज्याला चव कळती, तो."

किती तोऱ्यात बोलले होते मी!

मग दर बाजाराला त्याचं काहीतरी निघायचं. लिंबं चार दिवसांत दगडासारखी होतात म्हणाला. मी सांगितलं, "कोरडी करा. गाडग्यात वाळू घ्या, अन् त्यात एकेक सुटं पुरा. एकमेकाला लागू द्यायची न्हाईत. दोन महिने टिकत्यात."

"लागली तर?"

"एक नासतं. मग त्याच्यासंगं दुसरं."

"नासली तर नासली की..." तो हळूच म्हणाला. "वाळूत एकटं टिकून तरी काय करायचं?"

मी त्याला पाच लिंबं दिली, सगळी तळातली, राखून ठेवलेली. निघताना तो थबकला.

"आज भाऊ म्हनला न्हाईत."

"विसरले."

"विसरतच जा," म्हणाला, आणि फेटा सारखा करत गेला. त्या दिवशी मी घरी कुणावर ओरडले नाही. धाकटी सून घाबरून थोरलीला विचारत होती, आत्याबाईंना बरं न्हाई का?

चैत्रात भर उन्हात तो मळ्यात आला. हातात शेळीच्या दुधाची चरवी. मी लिंबं तोडत होते.

"रुक्मिणीबाई, एका चुलीवर दोघांचं भागंल. देवळात जाऊ, हार घालू. लेकाला सांगितलंय मी. त्यो न्हाई म्हनत न्हाई."

काटा बोटात रुतला. मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, हो-च म्हणायचं होतं.

"नातीची सोयरीक व्हायची हाय," मी म्हटलं. "आजीच बोहल्यावर चढली म्हनतील लोक. थोडं... निवू द्या."

"देतो की," तो म्हणाला. चरवी बांधावर ठेवून गेला.

नात योगिता नांदायला गेली. मग धाकट्या सुनेचं बाळंतपण आलं. मग गावात कुजबुज झाली. तेव्हा मी काय केलं, ठाऊक आहे? भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "काय पाहिजे, भाऊ?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाच लिंबं निवडली. पाचही पातळ सालीची, जड. मीच शिकवलेलं.

अशी दोन वर्षं गेली. त्याचे डोळे अधू झाले. पुढं पुढं तो लिंबू हातानंच ओळखायचा, आणि मला आवाजानं.

गेल्या बुधवारी मळ्यातल्या घरापुढं टेम्पो थांबला. त्याचा लेक सोमनाथ खाली उतरला. "मावशी, शेळ्या इकल्या. बाबाला नेतोय. पाच मिनिटं थांब म्हनले इथं."

बद्रीनाथ चाचपत ओट्यावर टेकला. "वरन-भात खाऊन जातो," म्हणाला.

वरण चुलीवर रटरटत होतं. टेम्पोनं भोंगा वाजवला. मी लिंबू कापून उकळत्यातच पिळलं. बीसकट. कळत होतं मला.

दोन्ही सुना दारात उभ्या. त्यांच्यादेखत मी त्याच्यापुढं बसले.

"बद्रीनाथ," मी म्हटलं, भाऊ न लावता. "मला यायचं होतं. चैत्रातच यायचं होतं. आता तुमी इथंच ऱ्हावा. कोन काय म्हनतंय ते मी बघते."

तो कितीतरी वेळ घास चावत राहिला.

"चालता-फिरता होतो तवा मागितलं, रुक्मिणीबाई. आता ऱ्हायलो तर ते मागनं न्हाई, भीक होईल. तुमच्यावानी मलाबी तोरा हायच की."

त्यानं माझा हात शोधला. तळहातावर घेऊन जरा तोलला, लिंबू तोलावं तसा... आणि ठेवून दिला.

"वरन कडू झालंय," मी कशीबशी म्हणाले.

"झालंय," तो म्हणाला. ताट बोटानं पुसून चाटलं. "पन आज तुमी वाट न्हाई बघितली."

सोमनाथनं त्याला धरून टेम्पोत बसवलं. धूळ खाली बसेपर्यंत मी उभी होते.

थोरली सून म्हणाली, "आत्याबाई, ते वरन टाकून देऊ का? दुसरं करते."

"हात लावू नको," मी म्हटलं.

पातेल्यात उरलेलं सगळं मी एकटीनं खाल्लं. बियांसकट.