उलटं गुंडाळलेलं सूत

नळवाल्याने कामाचा आकडा सांगितला आणि आईने त्याला साधा चहासुद्धा विचारला नाही. "एवढ्याशा नळाला एवढे पैसे? त्यापेक्षा गळू दे मेला!" असं म्हणून तिने खाली बादली ठेवली. पण ती टपटप ऐकून तिसऱ्या दिवशी लेकीचं डोकं उठलं. बाबा गेल्यापासून घरात एकच पगार, तोही हिचा. तिने बाहेरचा कॉक बंद केला, नळ पिरगाळून काढला, जुन्या रुमालात बांधला आणि छापखान्यातून सुटल्यावर थेट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

ही फार जुनी गोष्ट आहे बरं का. तेव्हा छापखान्यात एकेक अक्षर हाताने जुळवायचे. शिशाच्या त्या अक्षरांना खिळे म्हणत, आणि ही दिवसभर खिळे जुळवायची.

दुकानात नेहमीचे मामा नव्हते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गल्ल्यावर त्यांचा भाचा बसला होता. बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर उगाचच हसू. तिने रुमाल सोडला. त्याने नळ उलटसुलट पाहिला.

"वायसर गेलाय. बसवणार कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"का? नळ बसवायला मिशा लागतात?"

तो इतका मोकळा हसला, की ती आपला राग क्षणभर विसरूनच गेली. मग त्याने वायसर दिला, वर सुताची एक लडी दिली. नळाच्या मागच्या आट्यांवर सूत गुंडाळायचं, त्यावर सफेद्याचा पांढरा लेप लावायचा आणि मगच नळ बसवायचा, असं समजावून सांगितलं. कोणत्या दिशेने गुंडाळायचं तेही कागदावर बाण काढून दाखवलं.

"बाकी तुम्ही करता काय?" त्याने विचारलं.

"खिळे जुळवते."

"अरे वा! किती इंची?"

"इंची नाही हो, बारा पॉइंटचे... छापखान्यातले!" आणि मग त्याचा गोंधळलेला चेहरा बघून ती अशी काही हसली, की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती परत हजर. नळ वरून गळायचा थांबला होता, पण आता आट्यांतून पाझरत होता. त्याने बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"उलटं गुंडाळलंत! असं गुंडाळलं की नळ फिरवताना सूत सुटून येतं. बाण काढून दिला होता ना?"

"बाणच घोटाळा करतो," ती ओशाळून म्हणाली. "आमची अक्षरं सगळी उलटी असतात, आरशात दिसतात तशी. सात वर्षं तेच वाचतेय. मला उलटंच सरळ दिसतं हो... काय करू?"

तो हसला नाही. काउंटरवरून वाकून त्याने नळ तिच्या हातात दिला आणि सुताचं टोक आपल्या बोटात धरलं. "नळ ज्या बाजूला आवळायचा, त्याच बाजूला सूत. हं... फिरवा. सावकाश." सूत आट्यांवर चढत गेलं, हात जवळ येत गेले, आणि शेवटचा वेढा बसला तेव्हा दोघांच्या बोटांना सफेदा लागला होता. ती घरी आली, नळ बसवला, एक थेंब गळेना. आई खूश. ही मात्र उगाचच नळाकडे बघत बसली.

मग काय, घरातलं एकेक दुखणं बाहेर पडायला लागलं. खिडकीची बिजागरी, इस्त्रीची वायर, खुर्चीचा पाय, न्हाणीघराची कडी. प्रत्येक वेळी ती दुकानात जाऊन विचारायची आणि घरी येऊन स्वतः करायची. पैसे वाचत होते हे खरंच, त्यात खोटं काही नाही. पण इस्त्रीच्या वायरीसाठी केसात फूल कोण माळतं? आईला काय, सगळं दिसत होतं.

"आपलं घर एवढं मोडकं आहे हे मला या दोन महिन्यांतच कळलं," एकदा भाजी निवडता निवडता आई म्हणाली.

"तू काही पण बोलतेस हं, आई!"

आणि एका बुधवारी स्टुलावर चढून डबे पुसता पुसता तो म्हणाला, "मामांचा डोळा आता बरा झालाय. मला तिकडे धरणावर नोकरी लागलीय. शनिवारी दुपारची गाडी आहे."

"किती लांब?"

"दीड दिवस लागतो." मग पुढचा डबा उचलत, "तुम्हाला आता सगळं येतंच म्हणा... माझी गरज नाही."

तिला 'आहे,' म्हणायचं होतं. 'खूप आहे,' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चार इंची स्क्रू द्या." घरी येऊन स्वतःवरच चिडून ती रडली. चार इंची स्क्रू तिला कशालाही नको होते.

गुरुवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातला ठणठणीत नळ काढला. जुनं सूत खरवडून टाकलं आणि नवं सूत उलटं गुंडाळलं, एकेक वेढा नीट बसवत, सगळं लक्ष लावून. संध्याकाळी तिने तो नळ त्याच्यासमोर ठेवला. बोलायचं धाडस नव्हतं, पण त्याला कळेल... कळायलाच हवं.

त्याने नळ उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. मग पाठ फिरवली, बिलबुकाशी कसलीतरी खुडबुड केली आणि नवी लडी कागदात बांधून तिच्या हातात दिली.

"काही बोलायचं नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"आत सगळं आहे," तो म्हणाला.

तिला वाटलं, सुताबद्दलच म्हणतोय. कसला दगड माणूस! तरातरा घरी येऊन तिने पुडी ओट्यावर आपटली. आईनेच ती सोडली. "अगं, हे काय गिरमिटलंय कागदावर? कुठल्या भाषेत आहे?"

तिने कागद आईच्या हातातून ओढून घेतला. त्याने बिलबुकातला कार्बन कागदाखाली उलटा घालून खिळ्याच्या टोकाने लिहिलं होतं, त्यामुळे पुढची बाजू कोरी होती आणि मागे निळी, आरशातली अक्षरं उमटली होती. आईला ती लागत नव्हती. हिने एका नजरेत वाचली.

*इतकं नीट उलटं चुकून होत नाही. सांगा, थांबू का? मला थांबायचंय.*

"काय लिहिलंय गं?" आई विचारत होती.

"सूत... सूत चांगलं आहे म्हणून लिहिलंय," ती म्हणाली, आणि आई तोंडाला पदर लावून हसत सुटली.

शुक्रवारी नेमकं दुकान बंद. मामांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिने तीन चकरा मारल्या आणि तीनदा कुलूप बघून परत आली. शनिवारी सकाळी छापखान्यात तिने मथळ्याच्या मोठ्या पेटीतून मोजके खिळे उचलले, जुळवले, सुताने घट्ट बांधले आणि फोरमनकाकांकडे अर्ध्या तासाची रजा मागितली. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "खिळे परत आण म्हणजे झालं." ते खिळे अजून परत गेलेले नाहीत.

ती धापा टाकत पोचली तेव्हा त्याची ट्रंक दाराशी होती. तिने ते बांधलेलं शिसं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय? मला उलटं वाचता येत नाही."

"मग छापून बघा."

काउंटरवर दुकानाच्या शिक्क्याचं पॅड होतं. त्याने खिळे पॅडवर दाबले, मग इकडेतिकडे कागद शोधला. तिने तोवर त्याचा तळहात धरून उघडला. त्याने खिळे तळहातावर टेकवले, दाबले, उचलले. जांभळ्या शाईत सरळ, ठसठशीत उमटलं होतं: *थांबा.*

तो बघतच राहिला. आतून मामांचा आवाज आला, "अरे, गाडी चुकेल ना!"

"चुकली, मामा," तो तिच्याकडे बघत म्हणाला, आणि तिला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

छापखाना कधीच बंद पडला. शिसं वितळवून विकलं गेलं. दुकानाच्या जागी आता दुसरंच काहीतरी आहे. पण त्या घरात नळवाला आजही येत नाही. परवा स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला. त्याचे हात हल्ली कापतात, म्हणून तो नुसता स्टुलावर बसून होता, मांडीवर हत्यारांचा डबा घेऊन. वायसर आणि स्क्रूंच्या खाली सुताने बांधलेले ते खिळे अजून आहेत. सूत काळं पडलंय, सुटलेलं नाही.

तिने आट्यांवर सूत चढवलं. तो चष्मा सरसावून पुढे वाकला.

"बघू... उलटं नाही ना गुंडाळलंस?"

"आता कशाला उलटं गुंडाळू?" ती म्हणाली. "तुम्ही कुठे निघालाय का?"