दोन फोनांचं घर

“काकी, अक्काची लग्नं तुम्हीच मोडलीत ना?”

हे तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती. वेदवतीनं विचारलं. दहावीतली मुलगी ती, आता कुणाला भिणार?

काकी भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात राहायची. आधी दोन्हीकडे फोन, पण लाइन एकच. अक्काला आकडी येते हे अप्पा डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि लगेच पहिलं स्थळ फिरलं. कुणा बाईनं मुलाकडच्यांना फोन केला होता. काकीनं चोरून ऐकलं, असं ठरलं. अप्पांनी वेगळी लाइन घेतली, काकीशी बोलणं टाकलं.

तरी काल पट्टीश्वरम गावचं दुसरं स्थळ मोडलं. पुन्हा बाईचाच फोन, सोमवारी दुपारी.

काकीनं डोळे पुसले. “सोमवारी तुझ्या आजोबांचं श्राद्ध होतं की गे! अबोला असला तरी श्राद्धाच्या स्वयंपाकाला मी नि तुझी अम्मा तुमच्याच चुलीपाशी, सोवळ्यात. फोनला शिवेन होय मी?”

“मग सोवळ्यात कोण नव्हतं?”

काकी उठली. “ते मला नको विचारू.”

वेदवती घरी आली. पुढच्या खोलीत फोनच्या तिपाईपाशी अक्का चटईवर बसलेली. पाळी आल्यानं बाहेरची होती, सोमवारपासून. आतल्या दारात अप्पा-अम्मा.

“अप्पा, लाइन तोडून काय झालं? बातमी आपल्याच फोनवरून गेली.”

“काय बडबडतेस?”

“सोमवारी तुम्ही भटजींसमोर, अम्मा नि काकी चुलीपाशी, सगळी सोवळ्यात. मी शाळेत. फोनला हात लावू शकणारी घरात एकच होती. तिच्याजवळ कुणी फिरकणारही नव्हतं.”

अक्कानं मान वर केली नाही. “दोन्ही वेळा मीच. लपवून दिलं असतंत, तर पहिली आकडी आली की सासरच्यांनी मला तुमच्या दारात आणून टाकलं असतं.”

“आणि सगळे काकीचं नाव घेत होते तेव्हा?” वेदवतीनं विचारलं.

“भ्याले गे.” ती हुंदके देऊ लागली.

“शिवू नको!” अम्मा ओरडली. वेदवतीनं अक्काला घट्ट धरलं होतं.

“अम्मा, अप्पा, ऐका. आता मी काकीला घेऊन येते. आणि पुढचे पाहुणे आले, की कॉफी द्यायच्या आधी अक्काचं दुखणं मी सांगणार. सगळ्यांसमोर.”